पेटलेली चूड आणि आग्या मोहोळ

"दादाने ज्या माश्यांचं पोळं कधी जाळलं नाही, त्यांनीच दादाला का मारलं?"

लहानू हे ज्याला त्याला विचारत होता.

एका कड्याखाली एक वाडी होती. लहानूचा थोरला भाऊ होनाजी तिथे मध काढायचा. दोराने कड्यावरून उतरायचा, ओल्या पाल्याचा धूर करायचा, मधाचा भाग तेवढा कापायचा आणि पिल्लांचं पोळं जागेवर ठेवायचा. एके दिवशी आग्या मोहोळ उठलं. माश्या होनाजीला दोरावरच डसल्या. खाली पडला तो गेलाच.

सुतक फिटायच्या आधीच लहानूने वाळल्या गवताची चूड बांधली. त्याची भावजय ठमाबाई वाटेत आडवी आली.

"भावजी, कुठं निघालात?"

"कड्यावर. एक माशी ठेवत नाही."

"खाली हिरडा फुललाय. माश्या फिरल्या नाहीत तर फळ धरायचं नाही, विकायला काही राहायचं नाही. पोरींच्या तोंडात काय घालू? तुमचा राग?"

"नवरा गेला तुझा, वहिनी, आणि तुला हिरड्याची पडलीय!"

"नवरा गेला म्हणूनच पडलीय."

लहानू तिला ओलांडून गेला.

तो भर दुपारी वर पोहोचला. कातळाला बैलगाडीच्या चाकाएवढं मोहोळ लटकलं होतं. त्याने चूड पेटवली, पण तेवढ्यात वारा सुटला, म्हणून तो पडायची वाट बघत लहानू कपारीत टेकला.

मग त्याला दिसलं. काही माश्या खालच्या झऱ्यावर जात होत्या, पोटात पाणी भरून आणत होत्या आणि थेंब थेंब पोळ्यावर ठेवत होत्या. बाकीच्या पंखांनी वारा घालत होत्या. आत पिल्लं होती. कातळ तव्यासारखा तापला होता, आणि लहानूच्या गालाला पोळ्याकडून गार झुळूक लागत होती.

एकाएकी सगळं मोहोळ उठलं. ऊन झाकलं गेलं. आता संपलं, असं म्हणून त्याने डोळे मिटले. पण त्याच्याकडे एकही माशी आली नाही. त्या दरीवर पसरल्या आणि पिवळा पाऊस पडला. पोटातून टाकलेले परागाचे बारीक थेंब. त्याच्या दंडावर पडले, गवतावर पडले, हिरड्याच्या मुळांशी पडले. झाडांनी फुलांतून दिलेलं आभाळातून मातीला परत मिळत होतं. माश्यांच्या पोटातून पाणी डोंगर चढत होतं. लहानू या डोंगरातच वाढला होता, पण हा डोंगर त्याने पहिल्यांदाच पाहिला.

बघता बघता चूड बोटांपर्यंत आली. वारा फिरला. ठिणग्या उताराकडे निघाल्या.

टाकावी कुठे? पायाशी वाळलेलं गवत. त्याखाली फुललेला हिरडा. हिरड्याखाली वाडी. एवढ्या मोठ्या डोंगरात आग टाकायला वीतभर जागा नव्हती.

त्याने चूड खांद्यावरच्या घोंगडीत गुंडाळली आणि छातीशी दाबली. विझेपर्यंत सोडली नाही.

तो खाली उतरला तेव्हा ठमाबाई धाकट्या पोरीला, येसूला घेऊन झऱ्यावर उभी होती. तिने त्याचे पोळलेले हात पाण्यात धरले.

"विझली?"

"चूड विझली, वहिनी."

येसू काठावरच्या एका माशीकडे टक लावून बघत होती.

"काका, ही पाणी कुठं नेते?"

"घरी. तिची पोरं तापलीत."

तेवढ्यात माशी घसरली आणि पाण्यात गरगरू लागली. लहानूने फोड आलेल्या बोटांनी एक वाळकं पान तिच्यापुढे धरलं. ती चढून, पंख वाळवून उडेपर्यंत त्याने हात हलवला नाही.

तात्पर्य: हवा, पाणी, माती आणि जीव एकमेकांत असे गुंतले आहेत, की सूड उगवायला त्यांत परकं कुणी सापडत नाही, एकावर टाकलेली आग आपल्याच घरावर पडते.