मुरलीच्या घरून आणलेल्या पाच डिस्क

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः बाबांच्या डाव्या हाताला बसलो होतो. म्हणजे, त्या दिवशी मी दाढ काढायला कोल्हापूरला गेलो होतो आणि तोंडात कापूस होता; पण म्हणून काय झालं? खरं ते खरं.

“ह्या कुणाच्या?” शब्बीरबाबांनी विचारलं.

“कुणाच्या म्हणजे? माझ्या!” दिगंबर कोष्टी म्हणाला.

टॉवेलात गुंडाळलेल्या पाच हार्डडिस्क त्यानं चटईवर मांडल्या. प्रत्येकीवर लाल शाईनं आकडा.

बाबा फकीर आहेत. मिरजेपलीकडच्या एका टेकडीवर, दर्ग्यामागच्या खोलीत राहतात. त्याआधी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. संसार सुटला, यंत्रांचा नाद सुटला नाही. खोलीत एक चटई, एक सुरई, आणि कोपऱ्यात स्वतः जुळवलेला सर्व्हर. दिगंबर हे काम त्यांच्याकडेच शिकला. आता तो त्यांच्याहून हुशार झाला होता. निदान तसं तो सगळ्यांना सांगायचा.

त्या डिस्कमध्ये अठरा वर्षं गोळा केलेली हळदीची गाणी होती. गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांनी म्हटलेली. त्यातल्या निम्म्या आता हयात नाहीत, आणि सगळ्या गाण्यांची मिळून अशी दुसरी प्रत कुठंही नाही.

पाच डिस्क मिळून साठा एकच. प्रत्येक गाण्याचे तुकडे पाचांत वाटलेले. एकटीला काढून विचारलं तर ती मुकी.

बाबांनी डिस्क उचलल्या आणि हाताला येतील तशा खाचांत सरकवल्या. चार, एक, पाच...

“अहो बाबा, आकडे बघा की! ते काय शोभेला घातलेत?”

“त्या एकमेकींना ओळखतात,” बाबा म्हणाले. “आकडे तुझ्यासाठी.”

सर्व्हर सुरू झाला. पाचही दिवे लागले. मग पडद्यावर ओळी आल्या. दिगंबर मोठ्यानं वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज चढत गेला.

“‘हा साठा दुसऱ्या यंत्राच्या ताब्यात आहे. तिथं तो अजून वापरात असेल. खात्री असेल तरच जबरदस्तीनं उघडा.’ वा! दुसऱ्याच्या ताब्यात! अठरा वर्षं मी उन्हातान्हात हिंडलो, बायकांच्या मिनतवाऱ्या केल्या, आणि हे डबडं मला शिकवणार?”

“काढण्याआधी जुन्या यंत्राला ‘सोड’ म्हणालास?”

दिगंबर टॉवेलाची घडी घालू लागला.

रीत एवढीच आहे. साठा हलवायचा तर आधी जुन्या यंत्राला तसा हुकूम द्यायचा. ते हातातलं काम संपवतं, आपला ताबा काढून घेतं, मग डिस्क उचलायच्या. बाबा हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

“विसरलास?”

“विसरीन कसा? वेळ नव्हता. चालू मशिनमधून उपसल्या.”

“वेळ का नव्हता?”

“मुरलीदादा परत आला असता ना!”

...

बाबांनी सुरईतलं पाणी पेल्यात ओतलं.

मग सगळं बाहेर पडलं. जुना सर्व्हर थोरल्या भावाच्या, मुरलीच्या घरी, विट्याला. गाणी गोळा करताना मोटरसायकल मुरलीची, माईक मुरलीच्या हातात.

“म्हणून काय मालक झाला? मी त्या गाण्यांचं पुस्तक करतोय! आणि आमचा दानशूर... कुठली पोरगी दारात येऊन म्हणाली, ‘काका, माझ्या आजीचं गाणं द्या ना’, की दिलं पेनड्राइव्हवर. वर चहा पाजून! सांगून सांगून थकलो. रविवारी तो तासगावला गेला, एका हळदीला, नवी गाणी घ्यायला. मी घेऊन आलो.”

“मशिन चालू का होतं?”

“आल्यावर त्यात भरणार होता.”

“म्हणजे वापरात होतं.”

“बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?”

“मी पाणी पितोय.”

दिगंबरनं कीबोर्ड ओढला. जबरदस्तीचा हुकूम खडाखडा टाइप केला. आता एकच बटण राहिलं.

“दाबू?”

“दाब की.”

“गाणी जातील?”

“कशानं? सगळी उघडतील.”

“मग अडवता कशाला मला?”

“मी कुठं अडवलं?”

...

दिगंबरचं बोट बटणावर तसंच राहिलं. कान लालबुंद. बोट हलेना, म्हणून तोंड सुटलं.

“भंगारातून जुळवलेलं टिनपाट! आम्हा दोघा भावांचं ह्याला काय ठाऊक? त्यानं मला विचारावं, खात्री आहे का म्हणून? मला?”

बाबांनी पेला खाली ठेवला.

“त्यानं निदान विचारलं तरी.”

...

दिगंबरनं कीबोर्ड बाजूला सारला. पाचही डिस्क काढून टॉवेलात गुंडाळल्या आणि दुपारच्या एस्टीनं विटा गाठलं. मुरलीनं दार उघडलं, आधी पोटभर शिव्या घातल्या, मग चहा टाकला. दोघांनी मिळून डिस्क जुन्या यंत्रात बसवल्या, तासगावची गाणी आत भरली, आणि मगच त्याला ‘सोड’ म्हणाले.

हा विट्याचा भाग मी रचलाय. मला राहवलं नाही. बाकी सगळं खरं. दिगंबर उठला, बटण न दाबता, डिस्क तिथंच सोडून, चपला आपटत टेकडी उतरला. तीन आठवडे झाले. मुरलीला अजून कुणी फोन केलेला नाही.