चंद्रज्योतीची परी आणि खरं बोलणारी जीप

भेंडेमाळ गावात झेलू नावाची मुलगी राहत होती. तिच्याकडे एकच परकर होता आणि त्याचा रंग केव्हाच उडून गेला होता. आई खडी फोडायला जायची. म्हणून धाकटी इवलीशी पिटकी दिवसभर झेलूच्याच कडेवर असायची.

गावाबाहेर मोठा मुरमाड माळ होता. तिथं गावच्या सरपंच आप्पांनी चंद्रज्योतीची झाडं लावली होती. "हिच्या बियांचं तेल निघतं, त्यावर गाड्या चालतात!" असं त्यांनी गळ्यात हार घालून सांगितलं. मग फोटो काढले आणि सगळे जेवायला गेले. पाणी कोण घालणार, हे एकानंही विचारलं नाही. मोठी माणसं अशीच असतात.

पोरांना त्यांनी एवढंच सांगितलं, "माळावर जाऊ नका. तिथं चेटकी आहे."

झेलू मात्र भांडी विसळलेलं पाणी तांब्यात साठवायची आणि रोज एका सुकलेल्या रोपट्याला घालायची. रोपटं हिरवं झालं, त्याला पिवळी पिवळी फळं लागली. चेटकी काही दिसली नाही. मोठे थापा मारतात, हे झेलूला कळलं.

एका दुपारी माळ अगदी गप्प होता. वाळलेली फळं तेवढी खुळखुळत होती. झेलूनं पिटकीला सावलीत ठेवलं आणि पाणी घातलं. वळून पाहते तर पिटकीच्या मुठीत बियांची काळी टरफलं!

"ताई, शेंगदाणे," पिटकी हसली.

थोड्याच वेळात ती हसेनाशी झाली. उलट्यांवर उलट्या. चिमुकले ओठ पांढरे पडले, बोटं गार झाली. झेलू तिला उचलून पळत सुटली. आईला हाक मारत ती आप्पांच्या जीपपाशी पोचली.

"चेटकीनं धरलं पोरीला. लिंबू उतरवा," आप्पा म्हणाले.

"तिनं बिया खाल्ल्यात, आप्पा! दवाखान्यात चला!"

आप्पांचा चेहरा उतरला. "जीपमध्ये डिझेलचा थेंब नाही."

हाक ऐकून आई धावत आली होती. झेलूनं पिटकीला तिच्या मांडीवर दिलं. बियांच्या तेलावर गाड्या चालतात, हे तिला आठवलं आणि तांब्या घेऊन ती पुन्हा माळावर धावली. तिनं आपल्या रोपट्याला मिठी मारली.

तेवढ्यात एक फळ टचकन उकललं आणि त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली! पाण्यावर तेलाचा थेंब पडला की जे रंग चमकतात ना, जांभळे, मोरपंखी, सोनेरी, ते सगळे तिच्या पंखांत होते.

"बाळ, तू मला पाणी पाजलंस. एक इच्छा माग."

"पिटकीच्या पोटातलं विष काढ!"

"ते नाही गं जमत मला. ते विष माझंच आहे. त्याच्यामुळे शेळ्या मला खात नाहीत, म्हणून तर या माळावर मी जगते. दुसरं काही माग."

झेलूनं डोळे पुसले. "मग तेल दे. दवाखान्यापर्यंत पुरेल एवढं."

तांब्या सोनेरी तेलानं काठोकाठ भरला. "पण अट ऐक," परी म्हणाली. "हे तेल खऱ्या बोलण्यावर जळतं. जीपमध्ये कुणीही खोटं बोललं, की इंजिन बंद."

झेलूनं ते तेल जीपमध्ये ओतलं आणि जीप निघाली. पिटकीचे डोळे मिटत होते.

"पोर कुणाजवळ होती गं?" आईनं विचारलं.

"माझ्याजवळ, आई. मीच पाठ फिरवली."

जीप धावत राहिली.

"आणि आप्पा, त्या बियांत विष असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?" झेलूनं विचारलं.

"छे! मला कोण सांगणार?"

धप्प! इंजिन थांबलं. पुढे रस्ता ओसाड, मागे रस्ता ओसाड.

"आप्पा, हे तेल खऱ्या बोलण्यावरच जळतं. खरं बोला," झेलू म्हणाली.

"मोठ्यांना असं बोलतात?"

"पिटकी गार पडलीय, आप्पा! खरं बोला!"

आप्पांनी पिटकीकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली. "ठाऊक होतं. रोपं आली तेव्हाच सांगितलं होतं मला. बायका घाबरून रोपं उपटतील, माझं नाव जाईल, म्हणून मी विषाची गोष्ट लपवली आणि चेटकीची थाप मारली."

इंजिन धडधडलं. जीप वाऱ्यासारखी सुटली.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. सगळे श्वास रोखून बसले. ऊन कलता कलता पिटकी पुटपुटली, "ताई, पाणी."

दुसऱ्या दिवशी झेलूनं आप्पांना माळावर नेलं आणि त्यांच्या हातात ब्रश दिला. आप्पांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बी विषारी आहे. खाऊ नका. तेल काढा. मग सगळ्या गावासमोर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि हंडा उचलून झाडांना पाणी घालू लागले.

त्याबरोबर माळभर फळं सोनेरी लखलखली. झेलूच्या रोपट्यावर परी उभी होती.

"आता तेल कधी संपणार नाही, झेलू. विहिरीचा पंप चालेल, जीप चालेल. अट तीच."

"पोरांशी खरं बोलायचं!" झेलू ओरडली.

परी खुदकन हसली आणि लख्ख उजेड होऊन विरून गेली. उजेडात सगळा माळ कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत दिसला. चेटकी कुठंच नव्हती.