आठ तासांची शर्यत, दोन तासांचा पहारा

"मधेच उठायचं, जेवून यायचं, झोपून यायचं, आणि परत येऊन सोडली होती तिथूनच गाडी हाकायची. याला शर्यत म्हणायचं का आबा?"

हैबती आबा पहाऱ्याची यादी बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय की."

म्हाताऱ्यांना सरळ प्रश्न विचारला की ते आधी कानात काडी घालतात. रणधीरला ही खोड चांगली ठाऊक होती. तिसऱ्या वर्षाला त्याने इंजिनिअरिंग सोडलं ते याच खोडीला विटून. वर्गात शंका काढली की सर म्हणायचे, पुढच्या तासाला बघू. तो पुढचा तास तीन वर्षांत उगवला नाही. कॉलेज सोडलं तेव्हा बाप म्हणाला, लोक काय म्हणतील. लोक काहीच म्हणाले नाहीत. त्यांना वेळ नव्हता.

तेव्हापासून पन्नाशीच्या पुढचा माणूस दिसला की रणधीर त्याला मनातल्या मनात वजा करायचा. एक सोडून.

हैबती आबांनी तीस वर्षं घाटातून एस.टी. चालवली होती. रणधीर गाडी शिकला तो त्यांच्याकडे, तांबूळवाडीच्या कोरड्या तळ्यात, एका खिळखिळ्या जीपवर. तेव्हा आबांनी एकच गोष्ट सांगितली होती. मुक्काम येईपर्यंत स्टेअरिंगवरचा हात काढायचा नाही.

त्या एका वाक्यावर रणधीरने पुढे अख्खा गेम उभा केला.

दोन वर्षं लागली. कराडला पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत तो आणि तबस्सुम मुल्ला, दोघंच. तो रस्ते आणि गाड्या रचायचा, ती त्यांना पळवणारा प्रोग्रॅम लिहायची. गेमचं नाव 'घाटवाट'. समुद्रापासून निघून घाट चढायचा, पठार ओलांडायचं, पुन्हा उतरायचं. शर्यत आठ तासांची, आणि घड्याळातले खरे आठ तास. मधे थांबायची सोय नाही. उठलास की बाद.

उद्या गेम बाजारात यायचा होता.

आणि काल तबस्सुमने हत्यार उपसलं. म्हणाली, "सेव्ह करायची सोय टाक. माणूस कुठवर आला ते गेमने ध्यानात ठेवायचं, बस्स. मी ते लिहून ठेवलंय. तू हो म्हण."

"नाही."

"मग माझं नाव काढ त्यातून. मी चालले."

"तबस्सुम..."

"उद्या पाचपर्यंत सांग. तुला अक्कल शिकवणारी मी कोण? पण जगात एखादा तरी माणूस असेल ना तू ज्याचं ऐकतोस? त्याला विचार."

म्हणून तो मोटारसायकल काढून तांबूळवाडीला आला होता. विचारायला नव्हे. आबांचं 'बरोबर आहे तुझं' खिशात घालून परत जायला.

गावात सप्ताह बसला होता. देवळापुढे पत्र्याचा मांडव, मांडवावर फलक: अखंड हरिनाम सप्ताह, वर्ष एकेचाळिसावे. आज चौथा दिवस. जेवणावळ नुकतीच उठली होती. रणधीरच्याही पोटात आमटी-भात आणि दोन वाट्या गव्हाची खीर होती. बायका भांडी आवरून घरी गेल्या होत्या, आणि ज्यांच्या जिवावर धर्म टिकला म्हणतात ती कर्ती मंडळी निंबाखाली तोंडं उघडी टाकून घोरत होती.

आत पहाऱ्याचा एक जण गळ्यात वीणा घालून उभा होता. तार छेडत होता, नाव घेत होता. जय जय राम कृष्ण हरी.

"कोण म्हणतं अशी उठायची सोय पाहिजे म्हणून?" आबांनी अचानक विचारलं.

"तबस्सुम. आणि आम्ही आधी खेळून बघायला दिला त्यांतले काही जण. एका बाईचं पत्र आलं. सासरा अंथरुणावर आहे, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. सहा तास खेळली ती."

"दोन तासाला उठत नव्हती?"

"गाडी सरळ रस्त्याला लावून पळत जायची म्हणे. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याने अंथरूण खराब केलं, वेळ लागला. गाडी दरीत. शर्यतीत चौथी होती ती."

"मग? तू काय कळवलंस?"

"ज्याला आठ तास नाहीत त्याने आठ तासांच्या शर्यतीत उतरू नये."

आबा पुन्हा यादी बघू लागले.

"बरोबर आहे ना? तुम्हीच शिकवलंत. हात काढायचा नाही. मी स्वतः पुरे आठ तास खेळलो आबा. एका बैठकीत. पाणीसुद्धा नाही प्यायलो."

"दोन ते चारचा गडी आला नाही," आबा यादीवर बोट ठेवून म्हणाले. "खीर जादा झाली त्याला. तू राहतोस उभा?"

"दोन तास?" रणधीर हसला. "दोनच?"

"चारला गेनबा सुतार येईल."

"नियम सांगा."

"वीणा खाली ठेवायची नाही. आपण बसायचं नाही. नाव थांबवायचं नाही. गेनबा आला की आधी तुझ्या नावात नाव मिसळील. त्याच्या तोंडी नाव बसलं की मग वीणा त्याच्या गळ्यात घालायची. पाया पडायचं. मोकळा."

"कोणी कोणाच्या पाया पडायचं?"

"दोघांनी दोघांच्या."

रणधीरने हातपाय धुतले. आतल्या माणसाच्या शेजारी जाऊन नाव धरलं, वीणा गळ्यात घेतली. तो माणूस रणधीरच्या पाया पडला. बापाच्या वयाचा माणूस आपल्या पायाशी वाकलेला रणधीरने पहिल्यांदाच पाहिला. मग तोही वाकला, जरा कमीच.

आबा समोरच्या पायरीवर टेकले.

पहिला तास कसा गेला कळलंही नाही. आवाज खणखणीत, तार सुरात. दुसऱ्या तासाला पत्रा तापला. वीणा भोपळ्याची, वजनाला काहीच नाही, पण गळ्यात घालून ताटकळलं की दगड होते. खांद्यातून कळ निघाली. रणधीरला बरं वाटलं. कळ निघाल्याशिवाय कसली परीक्षा?

चार वाजले. गेनबा सुतार आला, ठरल्या वेळेला, ओल्या पायांनी. साठीचा माणूस, दोन बोटं रंध्याने खाल्लेली. तो शेजारी येऊन उभा राहिला. जय जय राम कृष्ण हरी. दोन आवाजांचा एक झाला. गेनबाने वीणेसाठी मान खाली केली.

रणधीरने नकाराची मान हलवली.

गेनबाला वाटलं, पोराला कळलं नसेल. त्याने मान आणखी खाली केली. रणधीर नाव घेत घेत दोन पावलं मागे सरला.

गेनबाने पायरीकडे बघितलं. आबा यादी बघत होते.

"ऱ्हाऊ दे बाबा," गेनबा म्हणाला. "हौस असंल तर ऱ्हा उभा. मी म्हशीला पाणी दाखवून येतो."

तो गेला. रणधीरची छाती फुगली. यांना दोन-दोन तासांचे तुकडे लागतात. बारा माणसं एका दिवसाला. वर फलक लावतात, अखंड. अखंड काय असतं ते आज बघा म्हणावं. पाच, सहा, आठ... दाखवतोच.

पाचला खिशातला फोन थरथरला. तबस्सुम. थांबला. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तो बराच वेळ. एक हात वीणेला, एक तारेवर. आणि तोंडात नाव. रणधीरने फोन वाजू दिला. गेली तर गेली.

जय जय राम कृष्ण हरी.

फक्त जरासा खांबाला टेकला. टेकायचं नाही असं आबा म्हणाले नव्हते. बसायचं नाही म्हणाले होते. गेमच्या शेवटच्या चुका काढण्यात दोन रात्री गेल्या होत्या. खांब देवळाचा, दगडाचा होता, गार होता...

जय जय राम कृष्ण हरी.

जय जय राम...

त्याला जाग आली ती शांततेने.

आधी वाटलं, आपण बहिरे झालो. मग एक कबुतर फडफडलं ते ऐकू आलं. निंबाखालचं घोरणं ऐकू आलं. फक्त एक आवाज नव्हता, आणि तो त्याचा स्वतःचा होता.

वीणा गळ्यातच होती. बोटं तिच्या दांडीला अशी आवळली होती की सोडवता येईनात. पाय जमिनीवर ताठ. नियम म्हणावेत तर वीणा खाली ठेवली नव्हती, तो बसला नव्हता.

देवळाच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होत आले होते.

पायरीवर आबा. त्याच्याकडेच बघत होते.

"किती वेळ?" रणधीरने विचारलं.

"झाला थोडा."

"तुम्ही जागे होता?"

"होतो की."

"मग धरायचं ना नाव! माझ्या हातून सुटलं, तुम्ही धरायचं!"

"वीणा तुझ्या गळ्यात होती."

एकेचाळीस वर्षं. देवावर रणधीरचा विश्वास होता अशातला भाग नाही. पण एकेचाळीस वर्षं दर सप्ताहाला कुणी ना कुणी इथे उभं राहिलं होतं. बोटं तुटलेला सुतार उभा राहिला होता. आणि ते मोडलं कुणी? न थांबणाऱ्याने.

"गेनबा आला होता चारला," आबा म्हणाले.

"आला होता."

"का नाही दिलीस?"

"मला जमत होतं."

आबांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली.

त्याने रणधीर पेटला. लाज वाटली की तो चिडायचा, लहानपणापासून.

"मग आता सांगा गावाला. उठवा सगळ्यांना. फलकावरचं अखंड खोडून टाका. का नेहमीप्रमाणे झाकून ठेवणार? तुम्हा लोकांचं सगळं आयुष्य झाकण्यात गेलं."

"सांगू की. हरिपाठाला लोक जमले की सांगू." आबा उठले. गुडघे वाजले. "माझ्याच पहाऱ्याला दोनदा मोडलाय. ते पण सांगितलं होतं. गेनबाच्या बापाला फिट आली, तेव्हा एकदा. एका साली साप निघाला. सगळेच पळाले. वीणा घेऊन पळाले, तेवढं बरं."



"आणि तरी अखंड?"

"तरी."

"हे खोटं आहे आबा."

आबा जवळ आले. झोपेत पिरगळलेला वीणेचा पट्टा त्यांनी त्याच्या खांद्यावर सरळ केला. तारेला बोट लावून पाहिलं. तार उतरली होती. खुंटी जरा पिळली, पुन्हा बोट लावलं. आता ठीक होती.

"ती बाई," ते म्हणाले. "सासऱ्याची कूस बदलणारी. कितवी होती म्हणालास?"

"चौथी."

"कुठल्या वळणावर होती, उठली तेव्हा?"

घाटातली एकूण एक वळणं रणधीरने स्वतः रचली होती. एकशे बारा. प्रत्येकाचा उतार त्याला पाठ होता.

"माहीत नाही."

"तिला असंल?"

"तिला असेल."

"आन् तुझ्या गेमला?"

"... नाही. उठलं की पुसलं जातं."

बाहेर गेनबा परत आला होता. पायांवर पाणी घेत होता. खिशात फोन पुन्हा थरथरायला लागला. रणधीरने वीणा छातीशी धरली आणि पहिल्यांदाच आबांकडे विचारायचं म्हणून बघितलं.

"आता मी काय करू?"

आबा पायरीकडे वळले होते. वळल्या वळल्याच म्हणाले,

"'राम'वर थांबलास तू. 'कृष्ण'पासून धर."