तांब्याच्या गळ्यातलं माणिक

सांगा, सांगा म्हणून तीनदा उठवलंत. बसलोय आता. मधे कुणी 'मग काय झालं' विचारलं तर उठून जाईन. काय झालं तेच सांगतोय ना!

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. राज्य मोठं, अक्कल बेताची. डोंगराच्या पोटात त्याला मांत्रिकाचा खजिना सापडला. हंडे, सुरया, पेले, सगळं सोन्याचं, रत्नांनी मढवलेलं. वर कोरलं होतं, 'मिरवेल त्याची तहान भागणार नाही.' राजानं वाचलं नाही. नक्षी छान आहे म्हणाला.

लगेच दवंडी पिटवली, "तांब्यापितळेची भांडी कुरूप. वितळवा!" घरोघरची भांडी भट्टीत गेली.

राजकन्या चित्रांगीनं खजिन्यातली सुरई तोंडावर धरली. पाणी पडेना. तिला नदीवर नेलं, तर ओंजळीतलं पाणी ओठांशी येताच आटे. तीन दिवसांत पोरीचे डोळे खोल गेले.

खिडकीत साळुंकी येऊन बसली. त्या राज्यात साळुंक्या बोलत.

"राजा, तेलकट हातातून निसटणार नाही, खडकाळ अंगणात कलंडणार नाही, वरून प्यायलं तर हनुवटीवर सांडणार नाही, असा तांब्या आण. सूर्य मावळायच्या आत."

राजा दारोदार फिरला. जो तो म्हणे, "आपणच वितळवलात, महाराज."

शेवटच्या घरी कोंडाई राहायची, तांबटाची विधवा. तिनं एक तांब्या राखेत पुरून ठेवला होता.

"आजी, तो दे."

"कुरूप आहे. तुम्हीच म्हणालात."

"चुकलो."

"मग आधी बघायला शिका."

तिनं राजाच्या हातावर तेल ओतलं. त्यानं तांब्या गळ्याशी धरून उचलला, बोटं बरोबर अडकली. खडकावर ठेवला, रुंद बूड पक्कं बसलं. वरून प्यायला, काठाशी एकच बारीक धार सुटली, दाढीवर थेंब नाही.

"माझ्या धन्यानं हात, जमीन आणि तहान बघून ठोकलाय तो," कोंडाई म्हणाली. "तेच त्याचं रूप. न्या."

राजाला पटलं. पण राजाच तो! मुलीला साधा तांब्या कसा द्यायचा म्हणून वाटेत सोनाराकडून गळ्यात माणिक बसवून घेतलं. आता अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. नको, सांगू नका.

तांब्या राजकन्येच्या तोंडावर धरला. थेंब पडेना. सूर्य डोंगराला टेकला.

साळुंकी किंचाळली, "मेल्या, बोटांची जागा अडवलीस!"

राजानं ते माणिक दातांनी उपटलं. एक दात गेला, पण धार सुटली. राजकन्या घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "बाबा, अजून."

शाप सुटला. खजिन्याची झाली माती. घरोघर पुन्हा तांब्या-घागरी आल्या, तांबटआळीत हातोड्या वाजू लागल्या. आणि भर दरबारात राजानं कोंडाईचे पाय धरून माफी मागितली.

राजा असून मागितली. माझ्या तांब्याला भर पंगतीत 'डबडं' म्हणणाऱ्यानं अजून मागितलेली नाही. आमचे व्याही, भिकोबा शिर्के.