वेशीचा टेकू

निंबोरीच्या जुन्या वेशीच्या कमानीतला मधला दगड खाली सरकला होता. सगळं गाव रोज त्याखालून जाई. लोकांनी लाकडी टेकू द्यायचं ठरवलं, तेव्हा पुरातत्त्व खात्याचे मिराशी साहेब गरजले, "वास्तू संरक्षित आहे. जुनं आहे तसंच राहील. नवी काठी लावलीत तर खटला भरीन!"

सरपंच गोजराबाई म्हणाल्या, "बरं साहेब. मग जुनी रीतही तशीच राहील. पाहुण्याचा सत्कार कमानीखाली, हलगी वाजवून होतो. बसा."

खुर्ची बरोबर दगडाखाली मांडली होती. गोजराबाई शेजारीच बसल्या. साहेबांना फेटा बांधला आणि हलगीवर थाप पडली. कमानीतून भसकन माती साहेबांच्या फेट्यावर आली. साहेब उडी मारून बाजूला झाले. गोजराबाई हलल्या नाहीत.

"हलगी थांबवा! आधी टेकू लावा!"

"काठीसुद्धा चालत नाही ना, साहेब?"

"तात्पुरता आधार नियमात बसतो!"

"तुमच्या डोक्यावर माती पडली तेव्हा नियम आठवला, साहेब. आमची डोकी रोज इथूनच जातात."

दिवस मावळायच्या आत टेकू उभा राहिला. उरलेला सत्कार मात्र साहेबांनी लांबूनच घेतला.