परत आलेला दहावा अ‍ॅम्प

“नऊ खेपा सांगितलं, माझ्या वाइंडिंगात खोट न्हाई. नऊ खेपा कुणी मानलं न्हाई. दहाव्या खेपेला सांगू का गप बसू, तेवढं बोला, चाचा.”

तानाक्का उंबऱ्यात उभी राहून बोलत होती. आत ये म्हणेपर्यंत थांबणारी बाई ती नव्हे. आज थांबली होती.

दस्तगीर मिस्त्री खिडकीशी बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी गिटारचा आवाज मोठा करणारे, काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प बनवले. आता हात कापायचा, म्हणून सोल्डर धरत नसत. पण अ‍ॅम्प तयार झाला की त्यांच्यापुढे यायचा. ते डोळे मिटून ऐकायचे. मान हलली की मागे पुठ्ठा लागायचा… ‘आवाज पास.’ त्या पुठ्ठ्याशिवाय उद्यमनगरातल्या त्या शेडमधून एकही अ‍ॅम्प बाहेर पडला नव्हता.

“बोल की,” ते म्हणाले. “ऐकतोय.”

तानाक्का आत आली आणि तिने पदराच्या गाठीतल्या चिठ्ठ्या त्यांच्या मांडीवर टाकल्या.

अ‍ॅम्प परत आला की चिठ्ठी लागायची. तिच्यावर तीन ओळी. कुणाचा, तक्रार काय, दोष कुणाचा. चिठ्ठ्या नऊ होत्या. गिऱ्हाईकं नऊ गावची. तक्रार मात्र एकच… कानाला टोचतो. आणि दोषही एकच… तानाक्का.

चौथी शिकलेल्या बाईला एवढं वाचता येत होतं.

“अक्षर कुणाचं हे?”

“माझं, चाचा,” आतून अभिनंदन म्हणाला.

अभिनंदन चौगुले. डिप्लोमा करून आला आणि अकरा वर्षं चाचांच्या पायाशी बसला. आता शेड तोच चालवायचा. माणूस सरळ होता. चाचांचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही, आणि आपलं डोकं त्या शब्दाच्या वर कधी काढलं नाही.

“अक्का, राग मानू नका,” तो म्हणाला. “अ‍ॅम्प इथून गोड आवाजाचा जातो. चाचांच्या कानाखालून गेलेला असतो. तिकडं गेला की टोचायला लागतो. म्हणजे वाटेत काय बदललं? ट्रान्सफॉर्मर तापतो, वेढे ढिले पडतात, आवाज फाटतो. दुसरं काही असूच शकत नाही.”

“का असू शकत न्हाई?”

“कारण बाकी सगळं चाचांनी ऐकलेलं आहे.”

तानाक्का हसली. ते हसू बघून शेजारच्या लेथवाल्यानं वाट बदलली असती.

“सव्वीस वर्सं ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळती मी. अंगात ताप असताना गुंडाळली. नवरा गेला त्याच्या चौदाव्या दिवशी गुंडाळली. एक वेढा कमी न्हाई, एक जास्त न्हाई. दर थराला कागद, दर टोकाला पांढऱ्या दोऱ्याची गाठ. ढिली म्हणतोस? उकलून दाव एक तरी.”

“सोमवारी वाइंडिंगचं मशीन येतंय, अक्का,” अभिनंदन हळू म्हणाला. “तुमचं बाकडं काढावं लागेल. मी तुम्हाला दुसरं काम देतो. पॅकिंगचं.”

पॅकिंगचं.

तानाक्काने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“चाचा, बाकडं न्यायचं तर न्या. पण चोर म्हणून नेऊ नका.”

दस्तगीर चिठ्ठ्या चाचपत होते.

“चूक तुझी न्हाई म्हणतीस.”

“न्हाई.”

“मग कुणाची?”

तानाक्काने पदराची सुटलेली गाठ पुन्हा बांधली.

“ठाऊक हाय?”

“हाय.”

“मग नाव घे.”

“न्हाई घेणार.”

“नाव न्हाई घेतलंस तर दोष तुझ्याकडंच ऱ्हातोय.”

“त्यो बी न्हाई घेणार.”

अभिनंदनला हसू आवरेना. “अक्का, दोन्ही कसं जमेल?”

“जमत न्हाई तर तू घरी जा. माझ्या तोंडातनं खोटं निघणार न्हाई, आन नावबी निघणार न्हाई. बाकड्यासंगट मलाबी उचला.”

“लई माज हाय गं तुला,” दस्तगीर म्हणाले.

“तुमच्याच हाताखाली आलाय.”

म्हातारा खुशीत आला. त्याने काठीने वरच्या फळीकडे बोट केलं.

“अभिनंदन, पयला काढ. आन सकाळी परत आलेला दहावाबी मांड.”

पहिला म्हणजे या शेडमध्ये बनलेला पहिला अ‍ॅम्प. सव्वीस वर्षांपूर्वीचा. काळं रेक्झिन, कोपरे झिजलेले, पुढे एकच बटण. त्यातला ट्रान्सफॉर्मर तानाक्काच्या हातचा पहिला होता. तेव्हा तिला तानू म्हणायचे.

दहावा चकचकीत होता. पुढे एका ओळीत सहा खटके. एक लावला की सिनेमातल्या गाण्याची स्वच्छ गिटार, दुसरा लावला की गुरगुर, तिसरा लावला की देवळात घुमावं तसं. ज्याला जे पाहिजे ते. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतचे ऑर्केस्ट्रावाले त्यावर खूश होते… आठ दिवस.

दोन्हींच्या पाठी उघड्या ठेवून बाकड्यावर मांडले. बटणं दाबली. व्हॉल्व्ह लाल व्हायला वेळ लागतो.

अभिनंदनने गिटार घेतली. आधी दहावा.

पहिला खटका. दुसरा. तिसरा… सहाही आवाज वेगळे. आणि सहाही आवाजांच्या शेवटाला एक टोक. काचेवर खिळा ओढावा तसं. तानाक्काच्या दाढा आवळल्या. अभिनंदनचाही डोळा बारीक झाला, पण त्याने तो लगेच नीट केला.

दस्तगीर डोळे मिटून डुलत होते.

“दूध,” ते म्हणाले. “निव्वळ दूध.”

अभिनंदनने मान खाली घातली. आपल्याला टोचलं आणि चाचांना दूध लागलं… म्हणजे आपलाच कान कच्चा. अकरा वर्षं तो असंच समजत आला होता.

“आता पयला.”

गिटारची वायर पहिल्याला लागली. अभिनंदनने अंगठ्याने हलकंच छेडलं. आवाज मऊ, गोल, झोपलेल्या लेकरावर पांघरूण टाकावं तसा आला. त्याने जरा जोर केला. आवाजाला कड आली. त्याने हाताचा झटका मारला, आणि अ‍ॅम्प पोळ्याच्या बैलासारखा डुरकला. बटणाला कुणी हात लावला नव्हता.

“सहा खटक्यांच्याला आवाज किती?” दस्तगीरनी विचारलं.

“सहा.”

“आन याला?”

“एकच बटण आहे, चाचा. एकच…”

“मोज की.”

अभिनंदन पुन्हा वाजवू लागला. बोटाच्या पेराने, नखाने, गिटारच्या घोडीजवळ, मानेजवळ. थोड्या वेळाने त्याने मोजायचं सोडून दिलं.

“मोजता येत नाहीत.”

“याला बोट कसं पडलं ते कळतंय,” तानाक्का म्हणाली. “त्यो नवा, हळू मार न्हाईतर जोरात मार, खटका सांगतोय तेवढंच बोलतोय. आन बोलताना टोचतोय.”

“कारण त्यातलं वाइंडिंग…”

“दोन्हीत माझंच हाय!”

“हे सव्वीस वर्षांपूर्वीचं आहे, अक्का. तेव्हा तुमचा हात…”

त्याने वाक्य पुरं केलं नाही. पण तेव्हा हात चांगला होता आणि आता राहिला नाही, हे दोघांनाही ऐकू आलं.

तानाक्का उठली.

तिने दोन्ही अ‍ॅम्पच्या पिना भिंतीतून उपटल्या. वीज बंद केली तरी कंडेन्सरच्या पोटात ती मुरलेली असते. माणूस मारायला तेवढी पुरते. तिने स्क्रू ड्रायव्हर टेकवून ती काढली… फाट् करून ठिणगी उडाली. मग कटर उचलला.

“अक्का! काय करताय! पहिला अ‍ॅम्प आहे तो, चाचांची आठवण आहे!”

“माझीबी हाय.”

तिने तारा तोडल्या. पहिल्यातला ट्रान्सफॉर्मर सोडवून बाहेर काढला. दहाव्यातलाही काढला. तिचा तरुण हात आणि तिचा म्हातारा हात, दोन्ही शेजारी शेजारी बाकड्यावर पडले. दोन्हीवर पांढऱ्या दोऱ्याची तीच गाठ.

“आता याचा त्याला, त्याचा याला. वाइंडिंग वाईट आसंल तर टोचणं इकडनं तिकडं जाईल. न्हाई गेलं तर परत माझं नाव काढायचं न्हाई.”

दस्तगीरनी खुर्ची पुढे ओढली.

तानाक्का सोल्डर लावत गेली, अभिनंदन मीटरने एकेक जोड तपासत गेला. मीटर जुना होता. आकड्यांची काच कधीच फुटली होती. जोड लागलेला असला की तो शिट्टीसारखं उंच, बारीक टीं करायचा, एवढंच त्याचं काम.

पहिला जोड. टीं…

“न्हाई लागला,” दस्तगीर म्हणाले.

अभिनंदन थांबला. त्याने टोकं उचलून पुन्हा टेकवली. टीं…

“अरं, न्हाई लागला. परत कर.”

“चाचा…”

“परत कर म्हटलं न्हवं?”

अभिनंदनने टोकं तिथंच धरून ठेवली. सुट्टीचा दिवस होता, शेजारची लेथ बंद होती. सगळ्या शेडमध्ये मीटर ओरडत होता… आणि म्हातारा त्याच्याकडे टक लावून, वाजायची वाट बघत बसला होता.

अभिनंदनने तानाक्काकडे बघितलं.

चार वर्षं दर जोडाला ती म्हणायची, ‘वाजला, चाचा.’ त्यांनी विचारायच्या आधीच म्हणायची. तिची ती सवयच आहे असं सगळ्यांना वाटायचं. आज ती म्हणाली नाही. सोल्डरचा धूर डोळ्यांत जात होता, आणि ती ओठ घट्ट मिटून उभी होती. नाव घेणार नाही म्हणाली होती. घेत नव्हती.

“पुढचे जोड लाव,” ती एवढंच म्हणाली. “वाजवून बघ.”

जोड लागले. व्हॉल्व्ह लाल झाले.

तिचा तरुण ट्रान्सफॉर्मर आता दहाव्यात होता. अभिनंदनने वाजवलं. खिळा काचेवरून तसाच गेला.

तिचा म्हातारा ट्रान्सफॉर्मर आता पहिल्यात होता. अभिनंदनने हळू वाजवलं, पांघरूण. जोरात वाजवलं, बैल.

गिटार त्याने मांडीवर आडवी केली.

“टोचतोय, चाचा,” तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. “दहावा टोचतोय. इथून गेला तेव्हापण टोचत होता. सगळेच टोचत होते. मला वाटलं, माझाच कान…”

“मग तसा टोचरा केलासच का?”

“तुम्ही म्हणायचा, अजून दबलेला हाय, आणखी उघड. मी कंडेन्सर बदलून वरचे सूर वाढवायचो. तुम्ही म्हणायचा, आणखी. मी आणखी बदलायचो.”

दस्तगीरनी हात पुढे केला. अभिनंदनने मीटर त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्याने दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली आणि मीटर उजव्या कानाशी नेला.

“वाजतोय?”

त्यांनी तो डाव्या कानाशी नेला.

“तानू. तुला इचारतोय.”

“…वाजतोय.”

“आत्ताबी?”

“आत्ताबी.”

“किती दिवसांपास्नं?”

“चार वर्सं झाली. बोलणं येतंय तुमाला ऐकू, उंच बारीक आवाज न्हाई.”

“आन तू वाजला, वाजला म्हणत ऱ्हायलीस.”

“व्हय. म्हटलं.”

“का?”

“तुमी इचारायच्या आधी उत्तर दिलं की तुमाला इचारावं लागायचं न्हाई.”

दस्तगीरनी मीटर खाली ठेवला. अगदी हळू, काच फुटायची अजून शिल्लक असल्यासारखा.

मग त्यांनी मांडीवरच्या नऊ चिठ्ठ्या अभिनंदनकडे दिल्या.

“खोड.”

अभिनंदनने एकेक चिठ्ठीवरचं तानाक्काचं नाव खोडलं. नऊ वेळा. पेन दाबून.

“बाकडं?” दस्तगीरनी विचारलं.

“राहील तिथंच,” अभिनंदन म्हणाला. “मशीनवाल्याला आजच फोन करतो.”

“कर,” तानाक्का म्हणाली. “आन पॅकिंगला तूच बस दोन दिवस. कळंल.”

अभिनंदनने मान हलवली. हसायचं त्याला जमलं नाही.

“आता दहावी चिठ्ठी आण,” दस्तगीर म्हणाले. “आन ही लिहील.”

तानाक्काने पेन घेतलं. चौथीतलं अक्षर, एकेक काना मात्रा दगडासारखी. कुणाचा, ते लिहिलं. तक्रार काय… कानाला टोचतो. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं.

“लिही.”

“न्हाई लिहिणार.”

“गुरूचा हुकूम हाय.”

“मोडला.”

“अक्का,” अभिनंदन पुढे सरकला. “माझं लिहा. मला ऐकू येत होतं. मी बोललो नाही. माझं नाव लिहा.”

तानाक्काने चाचांकडे बघितलं.

“त्याचं लिहिलंस,” दस्तगीर म्हणाले, “तर अकरावाबी परत येईल.”

पेन तिसऱ्या ओळीवर तसंच. मागे दोन्ही अ‍ॅम्प चालूच होते, व्हॉल्व्ह लाल, स्पीकरमधून खर्जातली घूं येत होती. तेवढी मात्र तिघांनाही ऐकू येत होती.

म्हातारा वाकला. कापऱ्या हाताने त्याने तिचा हात पेनासकट धरला, सव्वीस वर्षांपूर्वी पहिली तार गुंडाळायला शिकवताना धरला होता तसा.

“तू नुसतं अक्षर काढ, बेटी,” तो म्हणाला. “नाव मी घेतो… दस्तगीर.”