तेवीस पासवर्ड

विषय : सहकाऱ्यांना ई-शिक्षणात तयार करणाऱ्या प्रौढ शिक्षण केंद्रांतील शिक्षकांचा गौरव, त्यासाठी श्री. शशिकांत घाग यांचा अर्ज.

संदर्भ : सदर अर्जाचा रकाना सात, 'आपण ज्यांच्याकडे शिकलात त्यांची शिफारस व सही'.

"पण बाई, सही करायला अडचण काय आहे?"

घाग हे तिसऱ्यांदा विचारत होता. खरमाटेबाई ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या.

बाईंना प्रौढ शिक्षण केंद्रातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. घाग अजून तिथेच शिकवत होता. अर्जाची मुदत शनिवारी संपत होती, आणि ज्याचा गौरव होईल त्यालाच केंद्रप्रमुख करणार, असं वरून कळलं होतं. वरून म्हणजे चहावाल्याकडून; पण त्याच्या बातम्या परिपत्रकाआधी येत आणि परिपत्रकापेक्षा खऱ्या ठरत.

"किती जणांना शिकवलंस म्हणतोस?"

"तेवीस. धडा रेकॉर्ड करणं, अ‍ॅपवर चढवणं, चाचणी लावणं... सगळं."

"जमतं त्यांना?"

"अडलं की मला फोन करतात. सकाळपासून पाच आले. माझ्यावाचून पान हलत नाही, बाई."

"मग तू काय करतोस?"

"करून देतो. तेवीसही जणांचे पासवर्ड आहेत माझ्या डायरीत."

त्याने डायरी दाखवली. तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं होतं.

बाईंनी पुढचा वाल सोलायला घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. साक्षीदार ऐनवेळी कोर्टात हजर झाल्यासारखा घागचा चेहरा खुलला. केंद्रातल्या आंब्रेबाई होत्या. बाईंना ऐकू जावं म्हणून त्याने मुद्दाम स्पीकर लावला.

"अहो घागसर, तेवढा आजचा धडा चढवून द्या ना. मला मेलं काही दिसतच नाही."

"देतो, देतो. दोन मिनिटं..."

बाईंनी वालांचं पातेलं उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"सोल."

"बाई, फोन चालू आहे!"

"तोंड मोकळं आहे ना?"

घागने हात पाण्यात घातले.

आणि त्याला केंद्रातला पहिला संगणक आठवला. त्याच्यापुढे चपला काढून बसायचं. संध्याकाळी त्याच्यावर भरतकामाचा रुमाल पांघरायचा. त्या खात्यात माणसांना एवढा मान कधी मिळाला नाही. घाग घामाघूम होऊन माऊस सरकवायचा आणि शेजारी बाई वाल सोलत बसायच्या. पडद्यावरचा बाण तासभर सापडला नाही, तरी त्यांचा हात पुढे येत नसे. 'घरची कामं केंद्रात आणतात,' असं तेव्हा त्याने चार जणांत बोलूनही दाखवलं होतं.

"सर, आहात ना?"

"आहे... काय दिसतंय तुम्हाला?"

"निळं काहीतरी आहे."

"त्यावर बोट ठेवा."

"आणि बिघडलं तर?"

घागने बाईंकडे पाहिलं. बाई अंगणाकडे बघत होत्या.

"...बिघडू दे."

पाऊण तास गेला. एकदा धडा पुसला गेला. आंब्रेबाई दोनदा चिडल्या, "आज बरं नाही का तुम्हाला?" असंही त्यांनी विचारलं. निम्मं पातेलं सोलून झालं.

"अगोबाई! चढला! सर, मी चढवला!"

आभार मानायचं राहूनच गेलं आणि फोन बंद झाला.

घागने हात पुसले. अर्ज पुढे ओढला. रकाना चार : शिकवलेल्या सहकाऱ्यांची संख्या. बराच वेळ त्याने पेन नुसतंच धरून ठेवलं.

"बाई, इथे आकडा काय लिहू?"

बाईंनी एक वाल चिमटीत दाबला. दाणा सालीतून अलगद निसटला.

"थांब जरा. आंब्रे उद्या फोन करते का बघू."

आंब्रेबाईंचा फोन आला नाही. बाकी बावीस जणांचे येत आहेत. मुदत आजवर दोनदा वाढली आहे. रकाना चारमध्ये पेन्सिलीने 'एक' लिहिलेलं असून रकाना सात कोरा आहे. सबब, सदर अर्ज अद्याप प्रलंबित.